तिकडे माणसं एकटी पडत नाहीत का?

न्यू जर्सीहून लेकीकडून परतल्यापासून आमच्या तिवसा तालुक्यात हा प्रश्न मला पिठाच्या गिरणीवर, एसटीच्या थांब्यावर, अगदी तेरवीच्या पंगतीतसुद्धा विचारला जातो. "बाई, तिकळे आपले माणसं एकटे नाही पडत काय जी?" विचारणाऱ्या बहुतेकांचं लेकरू कुठे ना कुठे लांब असतं. म्हणून या प्रश्नाला मी "छे हो, मजेत असतात" म्हणून वाटेला लावत नाही.

पडतात, एकटी पडतात. लेक एडिसनजवळ राहते. सप्टेंबरात गेले तेव्हा बरं होतं, पण डिसेंबरात तिथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. दार वाजलं तर सामान ठेवून जाणारा असायचा, आणि आपण उघडेपर्यंत तो निघूनही गेलेला. आपल्याकडे "काय चाल्लं वं?" म्हणत बाई थेट सैपाकघरात येते. तिथे शेजारणीकडे जायचं तर आधी मेसेज करायचा. सणाच्या शनिवारी दोनशे माणसं जमतात, त्यात काही खोटं नाही. पण मंगळवारची दुपार कुणाचीच नसते. लेकीच्या समोरच्या इमारतीत चंद्रपूरकडच्या एक आजी होत्या. घरची सगळी कामावर गेली की त्या खिडकीत बसायच्या, ते मी माझ्या खिडकीतून बघायची.

आता दुसरी बाजू सांगते, कारण तीही तेवढीच खरी आहे.

भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्याकडे भुलाबाई बसते, म्हणजे भुलोजी-भुलाबाईच्या (शंकर-पार्वतीच्या) मातीच्या मूर्ती मांडून मुली गाणी म्हणतात. तिथे महिनाभर रोज कुणाला जमणार? म्हणून चार शनिवार ठरवले. विदर्भातल्या सात-आठ घरच्या मुली लेकीच्या तळघरात जमल्या. भुलोजी-भुलाबाई शाडूचे नव्हते, पोरींनीच चित्रकलेच्या दुकानातली माती आणून केले होते. एकीचा भुलोजी तर भुलाबाईपेक्षा बुटका झाला. गाणी मला पाठ, टिपऱ्यांचा ठेका त्यांना लवकर जमला, आणि डब्यातला खाऊ ओळखताना "पिझ्झा" हा अंदाज दर वेळी आला. अडलं ते मखरापाशी. कोजागिरीला ज्वारीचे पाच धांडे लागतात, ते तिथे कुठून आणायचे? तर ऑक्टोबरात तिकडचे शेतकरी भोपळ्यांच्या शेजारी मक्याचे वाळलेले धांडे जुड्या बांधून विकतात, लोक दारापुढे सजावटीला लावतात. जावयांनी गाडीच्या टपावर जुडी बांधून आणली. त्या मखराखाली भुलाबाई बसली तेव्हा मला भरून आलं. इथे माझ्याच गावात सोयाबीन आल्यापासून ज्वारीचा पेरा इतका घटलाय की धांडे मागायला दोन घरं हिंडावं लागतं, आणि भुलाबाई बसवणारं घर तर एकच उरलंय.

तब्येतीचंही लोक विचारतात. जावयांना चाळिशीच्या आत साखर निघाली. ते काही जाड नाहीत, त्यामुळे घरात सगळ्यांना धक्का बसला. डॉक्टरांनी समजावलं की आपल्या भागातल्या माणसांच्या अंगात वजन कमी असतानाही साखर आणि हृदयविकार लवकर शिरतो. तिथल्या मधुमेह संघटनेने २०१५ पासून आशियाई वंशाच्या लोकांसाठी तपासणीची बीएमआयची (उंचीच्या मानाने वजनाच्या आकड्याची) रेघ २५ वरून २३ वर आणली आहे. शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्कोकडच्या आपल्या नऊशेहून जास्त लोकांचा २०१० पासून यासाठी अभ्यास चालू आहे, त्याचं नाव 'मसाला'. मी शास्त्र शिकवलेली बाई, मला हे ऐकून बरं वाटलं, की कुणीतरी आपल्या हाडामांसाचा वेगळा विचार करतंय. मग ओक ट्री रोडवरच्या आपल्या भारतीय दुकानांतून ज्वारीचं पीठ आणलं. अंबाडीही मिळाली, 'गोंगुरा' या तेलुगू नावाने. भाकर, अंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी. भात अर्ध्यावर आला. पण खरं सांगू, जावयांची साखर उतरली त्याचं श्रेय मी भाकरीला एकटीला देणार नाही. जेवल्यावर ते चालायला लागले, आणि एकटे चालत नव्हते म्हणून ते टिकलं.

चालायची सुरुवात आम्ही बायांनी केली. अकोल्याच्या एक, अहमदाबादच्या दोन, मी, आणि मग एक दिवस जिना चढून मी त्या खिडकीतल्या आजींना घेऊन आले. मेसेज न करता गेले. त्यांच्या सुनेला आवडेल का याची भीती होती. तिने दार उघडलं आणि रडायलाच लागली. सकाळी दहाला इमारतींभोवती दोन चकरा, थंडी वाढली तेव्हा मॉलमध्ये. अकोल्याच्या बाईंनी नेम घालून दिला: उठल्यावर प्रत्येकीने फोनवर 'जय गुरुदेव' पाठवायचं, गुजराती बाया 'जय श्रीकृष्ण' लिहायच्या. नऊपर्यंत जिचं आलं नाही तिच्या दारी जायचं. जानेवारीत एक दिवस अकोल्याच्या बाईंचंच आलं नाही. गेलो तर न्हाणीघरात पाय घसरून पडलेल्या, फोन बाहेर. मुलगा संध्याकाळी सातला आला असता.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये इथे जवळच मोझरीला गुरुकुंज उभारलं आणि गावोगाव सामुदायिक प्रार्थना रुजवली. माझ्या लहानपणी संध्याकाळी आमच्या गावच्या गुरुदेव सेवा मंडळात प्रार्थनेला बसायला जागा नसायची. हिवाळ्यात आमचे साडेसहा वाजतात तेव्हा लेकीकडे सकाळचे आठ होतात. ती चहा करताना फोनवर आमची प्रार्थना लावते. मागे एकदा म्हणाली, "आई, आवाज किती थोडे येतात गं." मोजलं तर आम्ही अकरा होतो.

त्याच महिन्यात आमच्या गल्लीत एक म्हातारी तापाने दोन दिवस पडून होती आणि कुणाला पत्ता नव्हता. दोन्ही मुलं पुण्यात. तिच्या दारासमोरून मी त्या दोन दिवसांत चार वेळा गेले असेन.

आता प्रार्थना संपली की आम्ही डोकी मोजतो. सध्या अठरा असतात. एखादं कमी पडलं की दोघी बॅटरी घेऊन त्या घराकडे निघतात, बाकीच्या तोवर थांबतात. काल मी गेले होते. ती नातवाला झोपवता झोपवता स्वतःच झोपली होती. तिला तशीच झोपू दिलं आणि परत येऊन सगळ्यांना सांगितलं.