लॅटिन उपसर्ग शिकवताना सुरुवात मराठीपासून का करावी

इंग्रजी शब्दसंग्रह वाढावा म्हणून मुलांच्या हाती उपसर्गांची यादी देण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ आहे. ‘सब’ म्हणजे खाली, ‘इंटर’ म्हणजे मध्ये, ‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडे, असे मुले पाठ करतात, चाचणीत बिनचूक लिहितात, आणि धड्यात एखादा अनोळखी शब्द आला की त्या पाठांतराचा त्यांना काडीचाही उपयोग होत नाही. मी मराठी माध्यमाच्या सहावी-सातवीला इंग्रजी शिकवते. हे उपसर्ग यादीतून न शिकवता एकेका धातूभोवती शिकवावेत, आणि त्याआधी उपसर्ग म्हणजे काय हे मुलांना त्यांच्या स्वतःच्या भाषेतून दाखवावे, असे माझे ठाम मत झाले आहे.

मराठी मुलाला उपसर्ग नवा नसतो. आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार हे शब्द फळ्यावर एकाखाली एक लिहिले की ‘हार’ तोच राहून पुढे लागलेली एक-दोन अक्षरे अर्थ कुठल्या कुठे नेतात, हे संस्कृत न शिकलेल्या मुलालाही दिसते. या शब्दांच्या मुळाशी असलेल्या ‘हृ’ धातूचा अर्थ नेणे, हरण करणे असा आहे. लॅटिनमधील ‘पोर्तारे’ या क्रियापदाचाही अर्थ वाहून नेणे असाच असल्यामुळे मी दुसरे कुळ ‘पोर्ट’चे घेते.

आमच्या नाशिक भागातील मुलांनी द्राक्षांच्या संदर्भात ‘एक्सपोर्ट’ हा शब्द घरीच ऐकलेला असतो. ‘एक्स’ म्हणजे बाहेर, म्हणून एक्सपोर्ट म्हणजे बाहेर नेणे, आणि इम्पोर्ट म्हणजे आत आणणे. इथे थांबून मी आयात आणि निर्यात हे शब्द शेजारी लिहिते, कारण ‘या’ म्हणजे जाणे या धातूला ‘आ’ आणि ‘निर्’ लागून तीच जोडी आपल्याकडेही तयार झालेली आहे. मग ट्रान्सपोर्ट म्हणजे एका ठिकाणाहून पलीकडे नेणे, रिपोर्ट म्हणजे बातमी परत घेऊन येणे आणि डिपोर्ट म्हणजे देशाबाहेर धाडणे, हे अर्थ मुले स्वतःच जुळवू लागतात. ‘सपोर्ट’पाशी ती अडतात, पण तो मुळात ‘सब’ आहे आणि खालून उचलून धरणे हा त्याचा अर्थ आहे, एवढे सांगितले की आधार देणे हा अर्थ त्यांना वेगळा पाठ करावा लागत नाही.

‘सब’चा ‘सप’ का झाला, हा प्रश्न इथे येतोच, आणि तो आला की संधी शिकवण्याची उत्तम वेळ आली असे समजावे. उत् आणि लेख मिळून उल्लेख होतो, तेव्हा ‘त्’ पुढच्या ‘ल’सारखा होतो. ‘इन’ आणि ‘लीगल’ मिळून ‘इल्लीगल’ होतो तो याच कारणाने, आणि त्यामुळेच त्याच्या स्पेलिंगमध्ये दोन एल असतात. इररेग्युलरमध्ये दोन आर का, इम्मॅच्युअरमध्ये दोन एम का, यांची उत्तरे मुले त्यानंतर आपणहून देतात.

हे साम्य वरवरचे नाही. ‘सब’ आणि उप, ‘सुपर’ आणि उपरि, ‘इंटर’ आणि अंतर्, ‘प्रो’ आणि प्र हे एकमेकांचे भाऊबंद आहेत. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम समान असावा, हे भाषापंडित विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यातील भाषणात मांडले होते. मुलांना याची खूण पटवायला महिन्यांची नावे पुरतात: रोमनांचे जुने वर्ष मार्चपासून सुरू होत असल्याने सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर हे सातवे, आठवे, नववे आणि दहावे महिने होते, आणि त्यांच्यातील अंक सप्त, अष्ट, नव, दश यांचे सगे आहेत. मात्र लॅटिन संस्कृतातून निघाली असे मुलांना कधीही सांगू नये. त्या दोघी एकाच पूर्वज भाषेच्या लेकी आहेत, आणि खरे तेच सांगितले तरी मुलांचे कुतूहल कमी होत नाही.

या पद्धतीत धोकेही आहेत. पेट्रोलच्या टँकरवर ‘हायली इनफ्लेमेबल’ असे लिहिलेले असते, आणि ‘इन’ म्हणजे नाही एवढेच शिकलेले मूल त्याचा अर्थ न पेटणारे असा लावते. हा ‘इन’ नकाराचा नसून ‘आत’ या अर्थाचा आहे, आणि शब्दाचा अर्थ ज्वालाग्राही असा आहे. त्यामुळे उपसर्गावरून बांधलेला अंदाज वाक्यात बसतो का हे पाहायचे आणि शंका राहिली तर शब्दकोश उघडायचा, हा नियम मी वर्गात कटाक्षाने पाळते.

किती उपसर्ग शिकवावेत, याबाबत व्हाइट, सोवेल आणि यानागिहारा यांचा १९८९ सालचा अभ्यास मला मार्गदर्शक वाटतो. अमेरिकेतील शालेय वाचनातील उपसर्गयुक्त शब्दांपैकी ९७ टक्के शब्द २० उपसर्गांत सामावतात, आणि अन, री, इन, डिस या चारांतच ५८ टक्के येतात, असे त्यांना आढळले. यांपैकी ‘अन’ हा लॅटिन नव्हे, मूळचा इंग्रजीच आहे. उरलेल्या तिघांपासून मी आरंभ करते, मग सब, इंटर, ट्रान्स घेते. ‘ॲड’ मात्र सातवीच्या अखेरीपर्यंत राखून ठेवते, कारण तो पुढच्या अक्षराप्रमाणे सतत रूप पालटतो आणि संधीची सवय झाल्याशिवाय ओळखू येत नाही. ती झाल्यावर ‘अकोमोडेशन’ हा शब्द द्यावा: ‘ॲड’च्या डीचा सी झाला आणि त्याला ‘कॉम’चा सी मिळाला म्हणून दोन सी, ‘कॉम’चा एम आणि ‘मोड’चा एम मिळून दोन एम. मोठ्या माणसांचीही ज्याच्या स्पेलिंगमध्ये चूक होते, तो शब्द मुले मग अचूक लिहितात आणि प्रत्येक अक्षर कुठून आले हेही सांगतात.