सुरयाचा डोळा शार्प आहे का, एवढंच बघायचं होतं

भिगवणहून फेब्रुवारीअखेर परतलो तेव्हा कार्डात १,४१२ फोटो होते. बहुतेक नदी सुरय या पक्ष्याचे, पाण्यात सूर मारतानाचे. रविवारपर्यंत प्रदर्शनासाठी दहा द्यायचे होते. कॉपी करणं, उघड हललेले काढून टाकणं जेवणाआधीच उरकलं.

अडलं ते पुढे. एकाच झेपेच्या चौदा फ्रेम, पडद्यावर सगळ्या सारख्याच छान. फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा, मॉनिटर १९२० बाय १०८०चा. अख्खा फोटो पडद्यात बसवला की तो जेमतेम २७ टक्के दिसतो, म्हणजे फोटोतले तेरा-चौदा पिक्सेल मिळून पडद्यावरचा एक. थोडा चुकलेला फोकस त्यात लपून जातो. शंभर टक्क्यांवर, म्हणजे फोटोतला एक पिक्सेल पडद्यावरच्या एकाच पिक्सेलवर, असं नेल्याशिवाय काही ठरवता येत नाही.

आणि तिथेच सॉफ्टवेअरने माझा अंत बघितला. झूमची पट्टी ओढावी तर ती ९४वर नाहीतर ११२वर थांबे. शंभर गाठले की समोर फोटोचा मध्य, म्हणजे नुसतं पाणी. मग सरकवत सरकवत पक्ष्यापर्यंत जायचं. पोचलो की चित्र धूसर, कोपऱ्यात 'लोडिंग', चार सेकंदांनी स्पष्ट. पुढच्या फ्रेमवर गेलो की पुन्हा अख्खा फोटो आणि पुन्हा पट्टी! वेळ जातो याहून वाईट म्हणजे तुलनाच होत नाही. दुसरी फ्रेम दिसेपर्यंत पहिलीतला डोळा कसा होता ते आठवत नाही. रात्री एक वाजता निम्मेही झाले नव्हते. वैतागून 'लोडिंग' संपायची वाट न बघता मी तीन फ्रेम डिलीट केल्या. सकाळी कार्डातून परत घेतल्या, तर चोचीत मासा असलेली फ्रेम अगदी शार्प होती. निवड संपेपर्यंत कार्ड फॉरमॅट करू नका, हे आधी सांगतो.

उपाय सेटिंगमध्येच होता आणि तो सापडल्यावर मला आनंदापेक्षा राग जास्त आला. पूर्ण आकाराचे प्रीव्ह्यू (सॉफ्टवेअर पडद्यावर दाखवतं त्या प्रती) आधीच बनवून ठेवायचे आणि जिथे क्लिक करू तिथेच थेट शंभर टक्के उघडेल असं ठेवायचं. ही सोय पहिल्यापासून चालू का नसावी? प्रीव्ह्यू बनेपर्यंत आंघोळ, चहा झाला. मग डोळ्यावर एक क्लिक, बाणाची कळ, पुढची फ्रेम. दुपारपर्यंत सगळे बघून झाले.

फोटो निवडायला लाइटरूम क्लासिक हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर 'झेड' कळीने झूम आत-बाहेर होतो, आणि 'लॉक झूम पोझिशन' लावलं की पुढचा फोटोही त्याच जागी उघडतो. बसलेल्या पक्ष्याला हे उत्तम. उडणारा दर फ्रेमला जागा बदलतो, तिथे क्लिकच करा.

विणीच्या हंगामात सुरयाची टोपी काळी आणि डोळाही काळा, त्यामुळे डोळ्यावरून फोकस नेहमी कळत नाही. तेव्हा मी पिवळ्या चोचीच्या मुळाशी बघतो.

काही कॅमेऱ्यांच्या रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) झटपट दाखवण्यासाठी ठेवलेला आतला जेपेग फोटो लहान असतो. झटपट दाखवणारी सॉफ्टवेअर तोच मोठा करून दाखवतात. तो मऊ दिसला म्हणून फोटो फेकू नका.

फक्त फोनवर टाकायचे असतील तर पन्नास टक्क्यांवर बघितलं तरी चालतं. माझी प्रिंट १२ बाय १८ इंची होती. ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, तिला ५४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात, म्हणजे जवळजवळ अख्खा फोटो.