सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स: रविवारी जा आणि उलटं चाला

गोल्फ खेळायचा नसेल, तर स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला रविवारीच जा. मोठी स्पर्धा नसेल तर त्या दिवशी ओल्ड कोर्स या इथल्या जुन्या गोल्फ मैदानावर खेळ बंद असतो आणि मैदान सगळ्यांना फिरायला मोकळं. आम्ही गेलो तेव्हा फेअरवेवर, म्हणजे खेळायच्या गवताळ पट्ट्यावर, बाबागाड्या होत्या, कुत्री बागडत होती. इथल्या माळावर गावकऱ्यांचा हक्क १५५२ च्या सनदेत लिहिलेला आहे. पुढे गाव कर्जात बुडालं आणि १७९७ मध्ये हा माळ सशांच्या व्यापाऱ्यांच्या हातात गेला. ससे बिळं करत सुटले, भांडणं कोर्टात गेली. १८२१ मध्ये गोल्फची आवड असलेल्या जेम्स चीप नावाच्या जमीनदाराने तो विकत घेतला, म्हणून खेळ वाचला.

या कोर्सचा नकाशा कुणी एकाने काढलेला नाही. अरुंद पट्टी, जायचं नि यायचं त्याच वाटेने, त्याच होलवर (होल म्हणजे चेंडू घालायचा खळगा आणि तिथवरचा खेळाचा टप्पाही). १७६४ मध्ये इथे २२ होलची फेरी १८ ची केली. आज जगभर १८ होल खेळतात ते त्यामुळे. गर्दी वाढली तशी वाट रुंद केली, एकेका ग्रीनवर, म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, दोन होल पाडले. असे सात जोडग्रीन आजही आहेत. त्यांवरच्या दोन होलच्या क्रमांकांची बेरीज करा, प्रत्येक वेळी १८ येते! जाताना पांढरे झेंडे, येताना लाल.

आता माझा खास सल्ला. पहिल्या टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, थेट सतराव्या ग्रीनकडे निघा, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. पूर्वी असंच खेळत. एकोणिसाव्या शतकात या मैदानाची देखभाल पाहणाऱ्या ओल्ड टॉम मॉरिसने इथल्या स्विल्कन ओढ्याकाठी पहिल्या होलसाठी वेगळं ग्रीन केलं, तेव्हा उलट दिशाही सोयीची झाली. मग बराच काळ दोन्ही दिशा आलटूनपालटून चालल्या, आणि शेवटी आजचीच टिकली. बंकर, म्हणजे वाळूचे अडथळ्याचे खड्डे, मात्र दोन्ही दिशांचे आहेत. बाराव्या होलवर टीवरून जवळजवळ दिसतच नाहीत असे खड्डे जुन्या दिशेने चालताना समोर आ वासून उभे राहतात. इतका बोलका इतिहास मला कुठल्या संग्रहालयात भेटला नाही.

एडिनबराहून रेल्वेने ल्यूकर्सला उतरा, पुढे बस. सेंट अँड्र्यूजचं स्वतःचं स्टेशन १९६९ मध्येच बंद झालं. पूर्ण फेरीला निवांत दोन-अडीच तास ठेवा. वारा थेट समुद्रावरून येतो, त्यामुळे छत्रीपेक्षा वाऱ्यालाही पुरेल असं जाकीट बरं. ग्रीनवर आणि बंकरमध्ये पाय ठेवू नका. मुलं सोबत असतील तर शेजारच्या ‘हिमालयाज’ या उंचसखल पटिंग ग्रीनवर (फक्त हलक्या फटक्याने चेंडू खळग्यात घालायची हिरवळ) थोड्या पैशांत कुणालाही खेळता येतं. वेळा आधी पाहून घ्या.

खेळायचंच असेल तर हँडिकॅपचं, म्हणजे तुमच्या खेळाची पातळी दाखवणाऱ्या आकड्याचं, प्रमाणपत्र न्या. आगाऊ बुकिंग मिळालं नाही, तरी दोन दिवस आधी सोडतीत नाव देता येतं. मुक्काम तीन-चार दिवसांचा ठेवलात तर नाव निघण्याची आशा बरीच वाढते.