तिरस्कृत

बेळगावातल्या कॉलेजांत बोलायला गेले की शेवटी कुणीतरी उठून विचारतंच, ‘मॅडम, तुम्ही खानापूर तालुक्यातल्या, मराठी. मग कानडीत चालणाऱ्या पंचायतींचं काम कशाला करता? आणि ह्यात करिअर होतं का?’ तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

सुरुवात शेजारच्या आजींच्या एका कागदानं झाली. संध्या सुरक्षा ह्या कर्नाटक सरकारच्या वृद्धांसाठीच्या योजनेच्या पगारासाठी (आमच्याकडं पेन्शनला पगारच म्हणतात) त्यांनी अर्ज केला होता. नाडकचेरीतनं, म्हणजे तालुक्याखालच्या महसूल कचेरीतनं, आलेला कागद घेऊन त्या दारात उभ्या. ‘बाळ, ह्यात काय लिवलंय ते सांग की.’ मराठी शाळेत शिकलेल्या कानडीच्या जोरावर मी अक्षरं लावत गेले आणि एक शब्द मोठ्यानं वाचला, ‘तिरस्कृत’. आजींचा चेहरा पडला. ‘माझा तिरस्कार? मी काय केलं गं त्यांचं?’

कानडी कागदात त्या शब्दाचा अर्थ एवढाच, की अर्ज नामंजूर. खाली कारणही होतं, वयाचा पुरावा जोडलेला नाही. तो जोडून पुन्हा अर्ज केला आणि काही महिन्यांनी पगार सुरू झाला. पण आजी त्या दिवशी जशा खाली बसल्या, ते मला विसरता येत नाही.

कर्नाटकच्या 1993 च्या पंचायत राज कायद्यानं सहा महिन्यांतून एकदा तरी ग्रामसभा घ्यावीच लागते. त्याआधी वॉर्डसभा. घरं कुणाला द्यायची, गटार आधी की रस्ता आधी, हे तिथं ठरायचं असतं. मी पहिल्यांदा गेले त्या सभेत पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) भराभर कानडीत वाचत होते, लोक माना हलवत होते आणि रजिस्टर सह्यांसाठी फिरत होतं. मी उठून विनंती केली, एकेक विषय झाला की थांबा, मी मराठीत सांगते. ते थांबले, आणि त्याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. चौथ्या विषयाला मागनं एक बाई उठली. ‘आमच्या गल्लीतलं गटार झालंय म्हणून लिवलंय? मग परवा मी गुडघाभर पाण्यातनं कशी आले?’ सभा पहिल्यांदाच गप्प झाली. ते काम पुन्हा तपासायचं, असं त्याच दिवशी ठरावात आलं.

माझं काम म्हणजे हेच. पंचायतीत निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत, पण निवडून आलेल्या कितीतरी मराठी बायका वाचता न येणाऱ्या कागदांवर सह्या करतात. त्यांच्या शेजारी बसून प्रत्येक ओळ समजेपर्यंत मी उठत नाही.

कायद्यातल्या खाचाखोचाही शिकाव्या लागतात. घटनेच्या कलम 350 प्रमाणं गाऱ्हाणं राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत, म्हणजे मराठीतही देता येतं. माहिती अधिकाराचा अर्ज मात्र इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेतच करायचा असतो. हा फरक ठाऊक नसला की माणूस हेलपाटे घालून थकतो.

‘मग सीमाप्रश्नाचं काय?’ 1956 पासूनची जखम आहे, माझ्याही घरात आहे. महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. कानडी शिकले म्हणून मला घरभेदी म्हणणारे भेटले, फार लागलं. पण निकाल लागेपर्यंत आजींनी पगाराविना बसायचं, हे मला पटत नाही. कानडी वाचता आल्यानं माझं मराठी कमी झालं नाही, उलट मराठीत मागायचा हक्क मला कानडीत भांडून मिळवता येतो.

राहिलं करिअर. संस्थांमधल्या नेमणुका बहुतेक कंत्राटी असतात, प्रकल्प संपला की पगार थांबतो. घरच्यांना हे आधीच सांगा. राज्यशास्त्र किंवा समाजकार्याची पदवी उपयोगी पडते, पण पंचायतीचं जमाखर्चाचं पान वाचता येणं त्याहून जास्त. आणि कानडी अशी शिका, की अधिकाऱ्याशी वाद घालता येईल.

खरंच यायचं असेल तर आधी आपल्या गावच्या वॉर्डसभेची तारीख काढा. तासभर आधी जाऊन नोटीस बोर्डावरचा कागद वहीत उतरवून घ्या, आणि ज्या घरांत तो वाचता येत नाही तिथं जाऊन वाचून दाखवा.