अँकोट्सच्या गिरणीतलं आमचं घर

स्वयंपाकघराच्या मधोमध बिडाचा एक खांब उभा आहे. घर घेतलं तेव्हा तो लाकडी खोक्यात बंद करायचा आणि भोवती कपाटं करायची, असं मी ठरवूनच टाकलं होतं. आज सगळं स्वयंपाकघर त्याच खांबाच्या कलाने बसवलंय. मधल्या चौदा महिन्यांत काय काय झालं ते लिहितेय, अशा जुन्या गिरणीत घर घेणाऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आम्ही मँचेस्टरच्या अँकोट्स भागात राहतो. १७९०च्या दशकापासून इथे वाफेच्या इंजिनांवर चालणाऱ्या सूतगिरण्या उभ्या राहिल्या आणि १८०४ साली रॉचडेल कालवा पूर्ण झाला. त्यातल्या बऱ्याच गिरण्यांची आता राहती घरं झाली आहेत. आमची इमारत वारसा यादीत आहे. याचा अर्थ बाहेरून हात लावायचा नाही, एवढाच मी धरून चालले होते. पण इंग्लंडमध्ये यादीतल्या इमारतीचं संरक्षण आतल्या भागालाही असतं. तिचं मूळ स्वरूप बदलेल असं काहीही करायचं तर आधी महापालिकेची संमती लागते आणि ती न घेता काम केलं तर तो फौजदारी गुन्हा ठरतो. शिवाय घर लीजहोल्ड, म्हणजे लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यावरचं, त्यामुळे इमारतीच्या मालकाची परवानगी वेगळी.

संमतीच्या अर्जाला फी नसते. खर्च होतो तो नकाशे आणि इमारतीचा इतिहास मांडणाऱ्या अहवालावर. निर्णयाची मुदत आठ आठवडे. आमचा पहिला अर्ज अपुरा म्हणून परत आला, कारण जुन्या भिंतीला नवं काम नेमकं कुठे टेकणार हे नकाशात दाखवलंच नव्हतं.

खरी कसोटी लागली ती भिंतीपाशी. आधीच्या मालकाने विटांच्या एका भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला होता आणि संमतीची नोंद कुठेच सापडेना. असा बदल करणारा माणूस निघून गेला तरी तो पूर्ववत करण्याची नोटीस आजच्या मालकावर येऊ शकते आणि तिला कालमर्यादा नसते. घर घेण्याआधीच वकिलाला हे विचारायला हवं. गिलाव्याआड ओल कोंडली होती, विटांचे पापुद्रे सुटत होते. एका कंत्राटदाराने वाळूचा मारा करून भिंत दोन दिवसांत लाल करून देतो म्हटलं. मी जवळजवळ हो म्हणणार होते. पण त्या माऱ्याने विटेचा भाजलेला कठीण पृष्ठभाग निघून जातो आणि आतली मऊ वीट पाणी पिते. शेवटी चुन्याचं काम जाणणाऱ्या गवंड्याने तीन आठवडे छिन्नीने गिलावा उतरवला आणि विटांमधल्या दरजा चुन्याने भरल्या. आई फोनवर म्हणाली, "अगं, आपल्या कोकणातल्या घराला चुनाच होता. सिमेंट आलं आणि भिंती घामेजायला लागल्या."

खांबाचं गणित वेगळं. बीड वरून येणारा भार बिनतक्रार पेलतं, पण ते ठिसूळ असतं, म्हणून त्याला भोक पाडायचं नाही असं इंजिनिअरने बजावलं. जुन्या रंगात शिसं निघालं, तेव्हा कोरडं घासणंही बंद. आम्ही ओट्याला स्वतःचे पाय दिले आणि खांबाभोवती दोन बोटं जागा सोडली. आगीत फुगून धातूला उष्णतेपासून वाचवणारा रंग वर लावला. खिडक्यांच्या जुन्या चौकटी तशाच ठेवून आतून काचेची दुसरी खिडकी बसवली. थंडी बरीच अडली आणि ट्रामचा आवाजही.

हा गवंडी मूळचा ओल्डहॅमचा. त्याची आजी गिरणीत होती. गप्पांत तो 'थ्रॉसल' नावाच्या सूत कातायच्या यंत्राबद्दल बोलला. इथल्या लँकेशायर भागात थ्रॉसल म्हणजे एक गाणारा पक्षी, आणि यंत्राच्या गुणगुणण्यावरून ते नाव पडलं म्हणतात. मी हातातलं काम ठेवून उभीच राहिले. माझे आबा परळच्या गिरणीत त्रासन खात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात होते. १९८२च्या संपात त्यांची नोकरी गेली. 'त्रासन' हा शब्द त्रासावरूनच आला असणार, असं मी लहानपणापासून समजत होते. तो याच गावांतून समुद्र ओलांडून आमच्याकडे आला असावा, हे त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात आलं. आबांची गिरणी पाडून तिथे टॉवर झालाय. त्यांच्या खात्यातला एखादा खांबही कुणी ठेवला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

चुन्याची भिंत अजून वाळतेय, म्हणून त्या बाजूला कपाट लावलेलं नाही. खांबाला भोक पाडता येत नसलं तरी बिडाला लोहचुंबक चिकटतं. आई आली तेव्हा आबांचा गिरणीचा पास घेऊन आली. तो आता खांबावर आहे, चुलीकडून नजर जाईल अशा उंचीवर.