आमची वाटचाल: पाण्याखालचा नाच आणि कोरडी नक्कल

पुण्यात ‘पाण्याखाली नाचाचे फोटो काढतो’ म्हटलं की पहिला प्रश्न ‘कशाला?’ आणि दुसरा ‘किती घेता?’. दुसऱ्या प्रश्नाने आमचा धंदा जवळपास बुडवला होता, म्हणून आज सगळं लिहून टाकतो.

सुरुवातीचं भांडवल म्हणजे सेकंडहँड हाउसिंग (कॅमेऱ्याची जलरोधक पेटी), एक डोम पोर्ट (लेन्ससमोरची घुमटाकार काच) आणि तलावावरचे जीवरक्षक काका. सपाट पोर्टने भागत नाही, वाइड लेन्सचा कोन पाण्यात आक्रसतो. ओ-रिंगचं, म्हणजे पेटीत पाणी शिरू न देणाऱ्या रबरी कड्याचं, काम मी अजूनही कुणाच्या हाती देत नाही. पंखा बंद, खाली पांढरं कापड, रिंग बोटांतून फिरवत तपासायची आणि मुगाच्या दाण्याएवढं ग्रीस. एक केस अडकला तरी कॅमेरा गेला.

पेठेतल्या कथकच्या ताई पहिल्या वर्षापासूनच्या. पहिल्यांदा तत्कार, म्हणजे कथकचं पायांचं काम, करायला खाली गेल्या आणि भसकन वर आल्या, कारण छातीत हवा गच्च. काका म्हणाले, “ताई, अर्धा श्वास सोडा, मग बघा.” पितळी घुंगरांच्या वजनाने पाय खाली राहतात हे ताईंना सापडलं, पण आम्ही ते दोरीने बांधू देत नाही. वेल्क्रोची पट्टी, एका झटक्यात सुटणारी.

धडाधड फोटो काढून इथे काही साधत नाही. स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचा फ्लॅश, पूर्ण ताकदीने उडाला की पुन्हा भरायला सेकंद-दोन सेकंद जातात, तेवढ्यात ताईंचा श्वास संपत आलेला. म्हणून मनात मात्रा मोजत थांबायचं. समेवर ताई थांबतात, घेर थांबत नाही, तो पुढे वाहत राहतो. तिथे बटण.

हे सगळं आमच्याकडेच शिकून गेलेल्या एका पठ्ठ्याने ‘पाण्याखालचं फोटोशूट’ अशी पाटी लावली. कोरडा स्टुडिओ, समोर पंखा, मागे निळा पडदा, बुडबुडे संगणकावर. भाव आमच्या निम्मा. वर्षानुवर्षं आमच्याकडे येणारे नृत्यवर्गवाले तिकडे गेले, वर मलाच सांगू लागले, “तुमचं जरा महागच आहे हो.” खऱ्या फोटोत पाण्याचा पृष्ठभाग खालून आरशासारखा असतो. सुमारे ४९ अंशांपलीकडे प्रकाश बाहेर न पडता आत परततो, म्हणून नर्तकीच्या डोक्यावर तिचंच उलटं प्रतिबिंब दिसतं. त्याच्या एकाही फोटोत ते नव्हतं. कुणी पाहिलंच नाही!

त्यात मार्च २०२० आला, तलावांना कुलूप. डोम विकायला काढला होता. ताईंनी पुढच्या शूटचे पैसे आगाऊ पाठवले, तलाव कधी उघडणार हे न विचारता. डोम राहिला. नंतरचं बरं चाललंय.

नवीन मुलांना, विचारलं नसलं तरी, सांगतो. सुती नऊवारी भिजली की अंगाला चिकटून ओढते, जॉर्जेट घ्या, आणि रंग घरी बादलीत तपासा. स्ट्रोब कॅमेऱ्यापासून लांब, बाजूला ठेवा, नाहीतर पाण्यातला कण न् कण चमकेल. बुडी मारण्याआधी भराभर खोल श्वास घेऊ नका. त्याने दम वाढत नाही, फक्त रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, श्वासाची निकड जाणवत नाही आणि माणूस पाण्यातच बेशुद्ध होतो. हातात कॅमेरा नसलेला एक जण कायम पाण्यात हवा. आमच्याकडे अजून काकाच असतात.

आणि एप्रिल-मेच्या तारखा मागू नका. तेव्हा उन्हाळी पोहण्याच्या बॅचेस असतात, पाणी ताकासारखं नसलं तरच नवल.