गेन सारखाच आहे, मग लूप हंटिंग का करतो?

भाचा इन्स्ट्रुमेंटेशनच्या तिसऱ्या वर्षाला आहे, परवा त्याचा मेसेज आला, "मामा, गेन पण आउटपुट भागिले इनपुट आणि ट्रान्सफर फंक्शन पण आउटपुट भागिले इनपुट, मग दोन नावं कशाला?" प्रश्न रास्त आहे, कारण व्हायव्हाला "लाप्लास ऑफ आउटपुट अपॉन लाप्लास ऑफ इनपुट, झिरो इनिशियल कंडिशन" एवढं घडाघडा म्हटलं की मार्क मिळतात, पुढं कोणी विचारत नाही. त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथं जरा नीट लिहितोय.

स्टीमवर गरम होणारं एखादं जॅकेटवालं वेसल घ्या. कंट्रोलर मॅन्युअलला टाका, म्हणजे व्हॉल्व्ह आपणच हलवायचा, टेंपरेचर स्थिर होऊ द्या, मग व्हॉल्व्ह ४० टक्क्यांवरून ४५ वर न्या आणि गप बसा (हेच सगळ्यात अवघड, मागे ऑपरेटर "साहेब, ऑटोला कधी टाकताय" म्हणून उभाच असतो). समजा टेंपरेचर ७० वरून ८० ला जाऊन थांबलं. ५ टक्क्यांना १० डिग्री, म्हणजे गेन झाला टक्क्याला २ डिग्री. संपलं, एक आकडा. हे १० डिग्री पाच मिनिटांत चढले का अर्ध्या तासात, सुरुवातीला ट्रेंड, म्हणजे वेळेनुसार काढलेली टेंपरेचरची रेघ, थोडा वेळ जागची हललीच नाही का, यातलं काहीच त्या आकड्यात नाही, सगळं निवांत झाल्यावर किती फरक पडला एवढंच आहे.

ट्रान्सफर फंक्शनमध्ये मधलं सगळं येतं. साधं फर्स्ट ऑर्डर धरलं तर ते २ भागिले (१ + टाउ गुणिले एस) असं होतं. एस हे लाप्लासमधलं चल, इनपुट किती भराभर बदलतंय त्याच्याशी जोडलेलं, आणि टाउ म्हणजे टाइम कॉन्स्टंट, एकूण बदलाच्या ६३ टक्के गाठायला लागलेला वेळ, आपल्या वेसलमध्ये ७६.३ डिग्रीला पोचेपर्यंतचा. आता यात एसच्या जागी शून्य टाका, उरतात २. हाच आपला डीसी गेन, सगळं स्थिर झाल्यावरचा. म्हणजे गेन ट्रान्सफर फंक्शनच्या आतच बसलेला असतो, इनपुट अगदी सावकाश बदललं तर काय होईल याचं ते उत्तर आहे. इनपुट भराभर वरखाली केलं तर उत्तर बदलतं, गेन कमी होतो आणि सोबत फेज येते, म्हणजे आउटपुट किती मागं पडलं ते. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना हे लवकर कळतं, कारण ७४१ या ऑप-अँपचा (सिग्नल मोठा करणारी चिप) ओपन लूप गेन, म्हणजे फीडबॅक न जोडता मिळणारा, डेटाशीटवर टिपिकल २ लाख असला तरी तो ५ हर्ट्झच्या आसपासच घसरायला लागतो आणि १ मेगाहर्ट्झपाशी १ वर येतो. त्यामुळे नुसतं "गेन किती" विचारलं की मी उलट विचारतो, कुठल्या फ्रिक्वेन्सीला?

आता खरी मजा. एक टाकी घ्या, टाइम कॉन्स्टंट १ मिनिट, गेन टक्क्याला टक्का म्हणजे १. शेजारी दुसरी सिस्टीम, अशाच तीन टाक्या एकामागोमाग, एकूण गेन तरीही १ गुणिले १ गुणिले १ म्हणजे १ च. दोन्हीवर नुसता प्रपोर्शनल कंट्रोलर लावा, म्हणजे सेटपॉइंट (हवी ती किंमत) आणि मोजलेली किंमत यांच्यातल्या फरकाला आपल्या गेनने गुणून तेवढा व्हॉल्व्ह हलवणारा, आणि त्याचा गेन वाढवत न्या. मोजमाप, कंट्रोलर, व्हॉल्व्ह, प्रोसेस आणि परत मोजमाप, या चक्रालाच लूप म्हणतात. एक टाकीवाला लूप कागदावर तरी कधीच अनस्टेबल होत नाही (प्रत्यक्षात व्हॉल्व्ह आणि मोजमाप पाठवणाऱ्या ट्रान्समीटरचा उशीर मध्ये येतोच), आणि तीनवाला ८ ला झुलायला लागतो, यालाच हंटिंग म्हणतात, त्याच्या वर गेलात की झोके वाढतच जातात.

हे ८ कुठून आलं? लूप स्वतःहून झुलण्यासाठी सिग्नल प्रोसेसमधून येईपर्यंत १८० डिग्री मागं पडलेला हवा आणि त्याच फ्रिक्वेन्सीला लूपचा एकूण गेन १ हवा. एक टाकी फार तर ९० डिग्री मागं पाडते, त्यामुळे ती कधी १८० पर्यंत पोचतच नाही. तीन टाक्यांनी प्रत्येकी ६० पाडले की झाले १८०. हे घडतं मिनिटाला १.७३२ रेडियन या फ्रिक्वेन्सीला (६० चा टॅन), आणि तिथं प्रत्येक टाकीचा गेन निम्मा होतो (६० चा कॉस). निम्म्याचं निम्मं, त्याचं निम्मं, एक अष्टमांश. म्हणून कंट्रोलरचा गेन ८. एक झोका किती वेळाचा, तर ६.२८ भागिले १.७३२, साधारण ३.६ मिनिटं. कॅल्क्युलेटरसुद्धा लागत नाही जवळपास.

झिग्लर आणि निकोल्स यांनी १९४२ मध्ये ट्यूनिंगचे जे नियम दिले त्यातली एक पद्धत याच दोन आकड्यांवर चालते, अल्टिमेट गेन (ज्याला लूप झुलायला लागतो तो) आणि झोक्याचा पीरियड, ट्रान्सफर फंक्शन लिहून काढायची गरजच नाही, लूप झुलवून विचारून घ्यायचं. प्रपोर्शनलला निम्मा गेन, म्हणजे इथं ४. (पीआयडी, म्हणजे प्रपोर्शनल, इंटिग्रल आणि डेरिव्हेटिव्ह तिन्ही असलेल्या कंट्रोलरचे, त्यांचे आकडे मला जरा आक्रमकच वाटतात, मी अजून खाली आणतो.) ४ ला लूप शांत होतो खरा पण सेटपॉइंट १० टक्क्यांनी वाढवलात तर टेंपरेचर ८ टक्केच वाढतं, उरलेला ऑफसेट. तो किती राहणार हे डीसी गेन ठरवतो आणि तो घालवायला कंट्रोलरचा गेन कुठवर ताणता येईल हे बाकीचं ट्रान्सफर फंक्शन ठरवतं. दोघं विरुद्ध दिशेला ओढतात म्हणून तर इंटिग्रल लागतो, फरक उरलाय तोवर व्हॉल्व्ह ढकलत राहणारा भाग.

आणि एक गोष्ट जी कॉलेजात कोणी सांगत नाही. शटडाउनमध्ये कोणीतरी ट्रान्समीटरची रेंज ० ते २०० ची ० ते १०० करतं, रीडिंग जास्त बारीक दिसावं म्हणून. हेतू चांगला. पण तेच १० डिग्री आधी ५ टक्के होते, आता १० टक्के झाले, म्हणजे प्रोसेस गेन दुप्पट, टाइम कॉन्स्टंट जिथल्या तिथं. आपल्या तीन टाक्यांच्या लूपमध्ये कंट्रोलरला ४ सेट होता, तो आता ८ चं काम करतोय. शिफ्टवाले शपथेवर सांगतात की ट्यूनिंगला कोणी हात लावला नाही, आणि ते खरंच बोलतायत. ट्रेंडवर दोन शिखरांमधलं अंतर मोजा, ३.६ मिनिटांच्या आसपास आलं तर व्हॉल्व्ह उघडून बघायच्या आधी रेंज बघा आणि कंट्रोलरचा गेन २ करा.